पडावाची जागा

वर्धा, धाम, बोर, वणा आणि यशोदा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या आमच्या जिल्ह्यात बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या माणसांची वर्दळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य बैलांवर लादून याच वाटांनी गेले, गाडीलोहार आपला भाता, ऐरण आणि पोरेबाळे घेऊन याच गावांच्या शिवेवर उतरले, आणि आजही दिवाळी सरली की कच्छचे रबारी उंटांवर बाजा, हंडे आणि चालू न शकणारी कोकरे बांधून काळ्या रानांतून दरमजल करीत जाताना दिसतात. तेव्हा एका मोटारीत चूल, अंथरूण आणि पाण्याची टाकी बसवून, सोबत पत्नी आणि शेरू नावाचा गावठी कुत्रा घेऊन मी या जिल्ह्याचा प्रवास केला, यात अपूर्व असे काही नाही. परंतु ज्याचा उभा जन्म महसूल खात्याच्या दप्तरात गेला, ज्याने या गावांचे क्षेत्रफळ, आकार आणि पैसेवारी वर्षानुवर्षे कागदावर उतरविली, त्याला ती गावे रात्री कशी असतात, पाहुण्याला उतरायला कोठे सांगतात आणि कोठे नको म्हणतात, हे या प्रवासानेच प्रथम दाखविले, आणि जे दिसले ते सांगणे मला अगत्याचे वाटते.

प्रवासाची कल्पना मात्र दूरच्या मुलखातून आली. माझी भाची संसारानिमित्त फ्रान्समध्ये ल्योन शहरी राहते, आणि उन्हाळी सुटीत ती, तिचा नवरा आणि त्यांची कुत्री असे तिघे जण चाकांवरचे घर घेऊन लोआर नदीच्या काठाने किंवा ओव्हर्न्यच्या डोंगराळ खेड्यांतून हिंडतात. तिच्या पत्रांतील द्राक्षमळ्यांच्या, दगडी देवळांच्या आणि पहाटे पाव भाजणाऱ्या भट्ट्यांच्या वर्णनांनी मन प्रसन्न होतेच. पण मला खरा मोह पडला तो तेथील एका साध्या व्यवस्थेचा. तिकडे असंख्य लहान गावांनी अशा गाड्यांसाठी वस्तीलगत जागा राखून ठेवलेली असते, तेथे पिण्याचे पाणी भरून घेता येते, सांडपाणी नीट रिकामे करता येते आणि अल्प शुल्कात, कोठे कोठे विनामूल्यही, रात्र काढता येते. शिवाय जे हौसेने नव्हे तर वंशपरंपरेने फिरस्ते आहेत, त्यांच्या तळाची सोय करण्याची जबाबदारी ५ जुलै २००० च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक वस्तीच्या प्रत्येक गावावर टाकलेली आहे. ती जबाबदारी पुष्कळ गावे टाळतात आणि त्यावरून तंटे होतात, हेही भाचीनेच कळविले. तथापि कायद्याने असे कर्तव्य मान्य करावे, ही गोष्ट मला थोर वाटली. शेरूला घेऊन एकदा तिकडेच यावे, असा तिचा आग्रह होता. परंतु भारतातून युरोपात कुत्रा न्यावयाचा तर त्याच्या कातडीखाली ओळखीची चिप, रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी आणि तेथून पुढे तीन महिन्यांची प्रतीक्षा, एवढे सोपस्कार पार पाडावे लागतात. आणि विमानाच्या पोटातील पिंजऱ्यात त्या मोकळ्या जिवाला कोंडण्याची कल्पना माझ्या पत्नीला मुळीच सहन होईना. तेव्हा आपलाच मुलूख पाहावा असे ठरले.

गाडी म्हणजे एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर. त्यातील आसने काढून आमच्या ओळखीच्या सुताराने सागवानी फळ्यांची रुंद बाज केली, भांड्यांच्या फळीला बोटभर उंचीची कड लावली, आणि कंदील टांगण्यासाठी एक आकडा छताला ठोकला. टपावर सौर पाटी बसवून रात्रीच्या दिव्याची आणि लहान पंख्याची तजवीज झाली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांतून होणाऱ्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, पण त्याचा लाभ मुख्यत्वे समुद्रकाठ आणि थंड हवेची ठिकाणे यांना होणार हे उघड आहे. वर्ध्याकडे हवा खायला कोण येतो? आणि आमच्या काळ्या मातीचा स्वभावही निराळा. मार्गशीर्षात ती वरून भेगाळलेली दिसते, पण कालव्याचे पाणी पाझरलेल्या शेताच्या बांधावर जड गाडी उभी केली तर रात्रीतून चाके खचतात, म्हणून जेथे मुरूम असेल, किंवा जेथे बंड्यांच्या वर्दळीने जमीन टणक झाली असेल, तेथेच थांबावयाचे, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला.

शेरूचे जन्मस्थान तळेगावजवळचा मेंढपाळांचा एक तळ. आईच्या पोटाशी लोळणाऱ्या पिल्लांतून हे एक, तांबूस अंगाचे आणि एक कान दुमडलेले, तेथील म्हाताऱ्याने माझ्या हाती दिले होते. घरात वाढूनही त्याने आपल्या कुळाचा धर्म सोडला नाही. आम्ही बाजेवर झोपलो की तो दाराशी अंथरलेल्या गोणपाटाकडे ढुंकूनही न पाहता गाडीखाली जाई, मागील दोन चाकांच्या मधोमध मोकळ्या रानाकडे तोंड करून पडे, आणि रात्रीतून पुन्हा पुन्हा उठून गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून परत त्याच जागी येई. निघण्यापूर्वी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचून घेतली होती, आणि गळ्यात पट्टा होता. गावात शिरताना मी तो पट्टा हातात धरीत असे, कारण प्रत्येक गल्लीची आपली कुत्री असतात आणि त्यांचा हद्दीचा दावा कोणत्याही सातबाऱ्यापेक्षा पक्का असतो.

वर्धा शहर मागे टाकायला वेळ लागला नाही. हे शहर वयाने लहानच. १८६२ साली नागपूरपासून जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठ्यास होते, आणि १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी सरळ रस्ते आखून नवे गाव वसविण्यात आले. पवनारला धामेच्या पात्रातील खडकांवर शेरू मनसोक्त पाणी प्याला. वर टेकडीवर विनोबांचा आश्रम. मार्च १९५१ मध्ये ते सेवाग्रामहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस पायी निघाले आणि पुढे तेरा वर्षे चालतच राहिले. रोज नवे गाव, रोज नवा मुक्काम, आणि प्रत्येक गावाने आपली शाळा, धर्मशाळा किंवा झाडाखालची जागा त्यांच्यासाठी झाडून ठेवलेली. भूदानाच्या हिशेबाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला मात्र त्या पदयात्रेकडे पाहताना हे मोठे वाटते की, अनोळखी पांथस्थाला रात्रीपुरते आपले मानण्याची या देशातील गावांची रीत तिने जागती ठेवली.

केळझर, सेलू, हिंगणी असे करीत आम्ही बोर धरणाच्या बाजूला गेलो. बोरचे अभयारण्य १९७० चे, आणि २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. तेव्हा देशातील व्याघ्र प्रकल्पांत ते आकाराने सर्वांत लहान मानले जात होते. पाळीव प्राण्याला आत प्रवेश नाही, आणि तसा असूही नये, कारण गावच्या कुत्र्यांचे रोग जंगली प्राण्यांत पसरतात. म्हणून जंगल आम्ही बाहेरूनच पाहिले. तेथे मात्र शेरूला रात्री गाडीखाली राहू दिले नाही. बिबट्याला कुत्र्यासारखे सुलभ भक्ष्य दुसरे नाही, हे त्या भागातील प्रत्येक गुराखी सांगतो. शेरू आत दाराशी बसून राहिला, कान टवकारलेले, अंगावरचे केस उभे, आणि पहाटेपर्यंत त्याने डोळा मिटला नाही. भुंकला मात्र एकदाही नाही.

कारंज्याच्या डोंगराळ पट्ट्यात शिरले की जिल्ह्याचा चेहरामोहरा पालटतो. हा गवळाऊ गुरांचा मुलूख. पांढरी शुभ्र कांती, चिंचोळे तोंड, हलका बांधा आणि पाय असे चपळ की दमणीला जुंपलेली जोडी उतारावर आवरता आवरत नाही. मराठ्यांच्या फौजेत डोंगरी वाटांवर रसद वाहण्यासाठी हे वाण जोपासले गेले, अशी परंपरा सांगते. हेटीकुंडीला या वाणाचे सरकारी पैदास केंद्र आहे. जवळच्या एका गवळ्याच्या गोठ्यात आम्ही दूध घेण्यासाठी थांबलो, तेव्हा पत्नीने त्याच्या घरधनिणीला विचारले की एवढ्या गुरांना चारा पुरतो का, त्यावर तिने हाताने भोवतालच्या टेकड्यांकडे खूण केली आणि म्हणाली, “पहिले सारं मोकळं होतं जी, आता कोठी जा म्हनलं तं तार आडवा येते.” तारेचा हा उल्लेख पुढे जागोजागी ऐकावयास मिळणार होता.

आष्टीला जहांगीराच्या अमदानीतील सरदार मुहम्मद खान नियाझी याची कबर आहे. त्याला आष्टी, पवनार, तळेगाव हे परगणे मिळाले होते, आणि उजाड झालेला हा भाग त्याने पुन्हा लागवडीस आणला, असा त्याचा लौकिक आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच गावात पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावातील तरुण गोळीबारात पडले, म्हणून गावाच्या नावाशी ‘शहीद’ हा शब्द जोडला जातो. तेथून आर्वीकडे येताना दुतर्फा कापसाची वेचणी चालू होती. बायकांच्या पाठीवरच्या ओट्या फुगलेल्या, बांधावर तुरीला शेंगा लागलेल्या. एका शेतकऱ्याने मूठभर नव्हे, चांगला धोतराचा सोगा भरून शेंगा दिल्या, आणि त्या रात्री गाडीच्या चुलीवर सोले-वांग्यांची भाजी झाली. रोडगे मात्र गाडीत होत नाहीत. त्यांना गोवऱ्यांचा आर लागतो.

तो आर आम्हांला आर्वीच्या पुढे मिळाला, आणि या साऱ्या प्रवासात मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः त्या मुक्कामाविषयी आहे. सोयाबीन निघून गेलेल्या एका मोठ्या वावरात रबाऱ्यांचा तळ पडला होता. शेतात मेंढ्या बसविण्याची ही पद्धत आमच्याकडे जुनी. कळप एक-दोन रात्री शेतात कोंडून ठेवावयाचा, लेंड्या आणि मूत्र यांनी जमीन खताळते, आणि शेतकरी त्याच्या बदल्यात धान्य किंवा रोकड देतो. शेतमालकाने आमची गाडी पाहून दुरूनच हाक घातली, “इकडं या ना जी, मुरूम हाय इथं. कुत्र्याले बांधू नका, त्याले समजते.” आणि खरोखरच शेरूला समजले. शेकडो मेंढ्यांचा वास, ती धूळ, ती कुत्र्यांची टोळी, हे सारे पाहून तो गाडीतून उतरला तो पळाला नाही की भुंकला नाही. तळाच्या कडेला जाऊन पुढचे पाय लांब करून बसला. तळावरची कुत्री एकेक करून आली, त्याला हुंगून गेली. त्यांतील दोघांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा होता. तो मी हातात घेऊन पाहिला: चामड्याच्या रुंद पट्टीतून बोटाच्या पेराएवढे अणकुचीदार खिळे बाहेर काढलेले, आतून दुसरी मऊ पट्टी शिवलेली, आणि बाहेरच्या बाजूला दातांचे ओरखडे. बिबट्या नेहमी गळाच पकडतो. त्या पट्ट्यावर त्याचा जबडा बसला की तो सोडून देतो.

तळ हलविण्याचे आणि मांडण्याचे सारे काम बायकांचे. पुरुष कळपाबरोबर रानोरान जातात. उंट कोठे बसवावयाचा, बाजा कोणत्या बाजूस उभ्या करावयाच्या, पाणी कोठून आणावयाचे, याचा निर्णय एका वयस्क बाईच्या शब्दावर होत होता. काळ्या लोकरी ओढणीतील ती वृद्धा गुजराती आणि आमची वऱ्हाडी यांच्या मिश्रणातून बोलत होती. तिने शेरूचा जबडा उघडून दात पाहिले, पंजे दाबून पाहिले, आणि हा आमच्याच कुत्र्यांच्या वंशाचा आहे असा निर्वाळा दिला. मग माझ्या पत्नीला गाडीतून बाहेर बोलावून, गोवऱ्यांचा आर दाखवून, तिने रोडगे भाजण्यास जागा करून दिली. मी गाडीचे आतले भाग त्यांना दाखविले. बाजेवर हात फिरवून, टाकीचा नळ उघडून, ती म्हणाली की घर चांगले आहे, परंतु पाणी भरायला तुम्हांला तरी गाव देते का?

त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की आम्हांला गावे पाणी देत होती. गाडीवरचा नंबर वर्ध्याचा, अंगावरचे कपडे पांढरपेशाचे आणि बोली त्यांची. कोठे सरपंचाने ग्रामपंचायतीच्या नळावर नेले, कोठे शाळेच्या आवारात गाडी लावू दिली. एका गावी मात्र, ज्याचे नाव मी घेणार नाही, आम्हांला आदराने पाणी मिळाले त्याच विहिरीवरून त्याच संध्याकाळी घागरी घेऊन आलेल्या मेंढपाळ मुलींना परत पाठविले गेले. त्यांच्या मेंढ्यांचे खत गावाला हवे असते. दिवस मावळल्यावर त्यांची माणसे नको असतात. हे मी पाहिले आणि मला अतिशय वाईट वाटले. वृद्धेने तक्रार अशी केलीच नाही. तिने फक्त वाटा सांगितल्या: पूर्वी अमुक गावाच्या पांदणीने उंट जात, ती आता दोन्ही बाजूंच्या शेतांत मुरली, अमुक ठिकाणी गायरानावर तळ पडे, तेथे आता पीक उभे आहे, रानडुकरांसाठी बांधांवर झटका मशीनच्या तारा आल्या, त्यांतून रात्री कोकरे वाचवावी लागतात. तिचे हे वर्णन म्हणजे निरक्षर माणसाच्या स्मरणातील मोजणीचा नकाशाच होता, आणि तो दप्तरातील नकाशाशी तंतोतंत जुळत होता, हे मी शपथेवर सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी विरूळजवळ समृद्धी महामार्ग ओलांडला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी या टप्प्यावर वाहतूक सुरू झाली, आणि वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातून हा रस्ता आमची शेते कापीत जातो. वेगाची थोरवी मी नाकारीत नाही. रुग्णाला नागपूर लवकर गाठता येते. पण त्या रस्त्यावर बंडीला, सायकलीला, पायी चालणाऱ्याला वाव नाही, आणि मधेच थांबण्याची कोणालाही मुभा नाही. पुलाखालच्या सावलीत उंटांची एक रांग शांतपणे पलीकडे जात होती, वरून मोटारी सुसाट धावत होत्या. पुलगाव–आर्वी ही अरुंद रुळांची जुनी गाडी बंद पडून काळ लोटला. तिच्या रुळांच्या आसपास गवत माजले आहे.

हिंगणघाट मी लवकर उरकतो, कारण कापसाच्या बाजाराच्या दिवसांत तेथे गाडी उभी करण्यास बोटभर जागा नव्हती. गिरडला मात्र थांबलेच पाहिजे. समुद्रपूर तालुक्यातील या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि तेथे हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला येतात. टेकडीवर वाटोळे खनिज गोटे विखुरलेले दिसतात. त्यांची कथा अशी सांगतात की, माल लादून जाणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. ते शरण आले, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांतून त्यांना पुन्हा तसाच माल निर्माण करून दिला, आणि ते व्यापारी कायमचे त्यांच्या सेवेस राहिले. भूगर्भशास्त्र या गोट्यांचा निराळा उलगडा करते, तो खराच आहे. पण कथेत फिरस्त्याला शिक्षा झाली, क्षमा झाली आणि शेवटी त्याला त्याच टेकडीवर विसावा मिळाला, हे मला त्या संध्याकाळी फार मोलाचे वाटले. शेरू पायथ्याशी एका लिंबाखाली बसून होता. दर्शनाला आलेल्या एका आजोबांनी विचारले, “कुत्रं चावते का जी?” आणि नाही म्हणताच त्यांनी प्रसादातला तुकडा त्याच्यापुढे टाकला.

आता दप्तराची गोष्ट. आमचा जिल्हा मध्य प्रांतातील मालगुजारीचा. बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक मौजाचे वाजिब-उल-अर्ज तयार होत असे आणि त्यात गुरांच्या चराईपासून पाणवठ्यापर्यंत गावकऱ्यांच्या वहिवाटी नोंदल्या जात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण या वहिवाटींची नोंद निस्तारपत्रकाच्या रूपाने राहिली, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यात निस्तारपत्रकाविषयीचे प्रकरण विदर्भापुरतेच लागू केलेले आहे. कलम १६१ पाहावे. त्याच संहितेच्या कलम २२ मध्ये जिल्हाधिकाऱ्याला सरकारी जमीन ज्या कामांसाठी राखून ठेवता येते त्यांची यादी आहे: गुरचरण, स्मशान, गावठाण, खळवाडी, बाजार, आणि या सर्वांच्या बरोबरीने तळ देण्याची जागा. म्हणजे फ्रान्सने २००० साली जे कर्तव्य लिहून काढले, त्याची सोय आमच्या कायद्यात त्याच्याही तीन दशके आधीपासून आहे; उणीव आहे ती जागा राखण्याची आणि राखलेली मोजून ठेवण्याची. नोकरीत असताना अशा नोंदी मी स्वतः हाताळल्या आहेत. जेथे जुन्या कागदात ‘पडाव’ असा शेरा होता, तेथे प्रत्यक्षात आज दुकानांचे गाळे, एखाद्याचे खत टाकण्याचे उकिरडे किंवा सरळ उभे पीक दिसते. हे अतिक्रमण कोणा परक्याने केलेले नाही.

माझ्यासारख्या पेन्शनरने हौसेने गाडी घेऊन निघावे आणि त्याला कोठेही जागा मिळावी, ही मागणी मी करीत नाही. आम्ही कोठेही झोपू शकतो. परंतु ज्यांच्या बायका रोज नव्या रानात चूल पेटवतात आणि ज्यांच्या कळपांनी आमच्या जमिनींना खत पुरविले, त्यांना रात्रीपुरती पाऊण एकर मुरमाड जमीन, एक हातपंप आणि चार निंबाची झाडे देणे, हे गावाच्या ऐपतीबाहेरचे नाही. वर्धा जिल्ह्यातील वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी तलाठ्याकडून आपल्या मौजाचे निस्तारपत्रक मागून घ्यावे, त्यात तळाच्या जागेचा गट क्रमांक आहे की नाही ते पाहावे, असल्यास तिची मोजणी मागावी, आणि नसल्यास ती राखून ठेवण्याचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. हा ठराव मांडण्यास २६ जानेवारीची ग्रामसभा योग्य आहे. त्या दिवसांत रबाऱ्यांचे तळ आपल्याच शिवारात असतात, आणि त्यांच्यापैकी कोणाला तरी सभेत बसवून घेता येईल.